कर्णभाराला ठेका देताना : संस्कृत पद्यनाट्य आणि हिप-हॉप यांचा एकपात्री प्रयोग

एकाच नटाने वृत्तबद्ध श्लोकही म्हणायचे आणि रॅपही करायचा, असे सांगितले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनातील एखादा गमतीचा कार्यक्रम उभा राहतो. त्यात श्लोकाखाली तयार बीट लावलेली असते, डोक्यावर उलटी टोपी असते, आणि दोन मिनिटांनंतर वृत्तही ऐकू येत नाही व ठेकाही. या लेखात त्याहून वेगळी आणि बरीच कष्टाची वाट सांगितली आहे. वृत्ताला स्वतःची चाल असते आणि ठेक्याला स्वतःची. या दोन चाली कोठे जुळतात आणि कोठे एकमेकींना अडतात हे मोजून पाहावे, आणि त्या जुळण्या-अडण्यालाच नाट्याच्या कामाला लावावे, असे माझे मत आहे. उदाहरणासाठी प्राचीन संस्कृत नाटककार भास याच्या नावावर असलेले ‘कर्णभार’ हे एकांकी नाटक घेतले आहे.

हे नाटक निवडण्याची कारणे व्यावहारिक आहेत. ते लहान आहे, त्यामुळे फारशी काटछाट न करता पाऊण तासात बसते. त्यात कर्ण, त्याचा सारथी शल्य आणि ब्राह्मणवेषातील इंद्र अशी तीनच महत्त्वाची पात्रे आहेत. कथा मराठी प्रेक्षकाला ठाऊक असल्याने ती समजावून सांगण्यात वेळ जात नाही. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केली. ती खरोखर भासाचीच का, याविषयी विद्वानांत वाद असला, तरी मूळ संहितेवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, हे प्रयोग करणाऱ्यासाठी पुरेसे आहे. अनुवादाचे मात्र तसे नसते. छापील मराठी अनुवाद वापरायचा असेल तर अनुवादकाची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्यावी, किंवा आपला अनुवाद आपणच करावा. दुसरा मार्ग मी अधिक पसंत करतो, कारण अनुवाद करताना संहिता जितकी अंगात मुरते तितकी पाठांतराने मुरत नाही.

दोन्ही परंपरांत एकटा माणूस

एकपात्री प्रयोगासाठी संस्कृत नाटक घेणे म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती करणे नव्हे. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, ‘भाण’ हा प्रकार मुळातच एका नटाचा आहे. त्यात विट, म्हणजे रंगेल नागर माणूस, रस्त्याने चालत जातो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, आणि ‘किं ब्रवीषि’, म्हणजे ‘काय म्हणतोस?’, असे विचारून त्यांचे उत्तर स्वतःच उच्चारतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात. ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखले जाणारे चार जुने भाण वाचले, तर ही युक्ती किती चपळपणे वापरता येते ते कळते. आपल्याकडील नारदीय कीर्तनकारही उत्तररंगात आख्यान लावताना एकट्यानेच सगळी पात्रे उभी करतो, आणि आर्या, साकी, दिंडी, कटाव असे छंद प्रसंगानुसार बदलतो. अनुप्रासांची सर सोडत वेगाने धावणारा कटाव ऐकलेल्या माणसाला रॅप हा प्रकार परका वाटू नये.

रॅपमध्येही सायफरच्या, म्हणजे जमलेल्या रॅपरांच्या, वर्तुळात एकेक जण पुढे येतो आणि ‘मी कोण, कोठून आलो’ हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क याने जी पार्टी वाजवली, ती हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. गाण्यातील केवळ तालाचा तुकडा, म्हणजे ब्रेक, दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवण्याची त्याची पद्धत या संगीताच्या मुळाशी आहे. ज्या कृष्णवर्णीय, कॅरिबियन आणि लॅटिन वस्त्यांतून हे आले, तेथे ते सांगण्याचे साधन होते, सजावटीचे नव्हे. नाटकवाल्यांनीही ते तसेच घेतले. विल पॉवर या अमेरिकी कलावंताने ग्रीक नाटककार एस्किलसची थीब्जच्या सात वीरांची शोकांतिका हिप-हॉपमध्ये रचली आणि ती २००६ मध्ये न्यू यॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये झाली. म्हणून साखळ्या, टोपी आणि हातवारे यांची नक्कल आपण प्रथम बाजूला ठेवावी. आपल्याला घ्यायची आहे ती बोलण्याची रीत.

कोणाला काय द्यायचे

पहिले काम बीट शोधण्याचे नाही. संहिता समोर घेऊन प्रत्येक प्रसंगापुढे तो वृत्तात राहील, रॅपमध्ये जाईल की साध्या गद्यात, हे पेन्सिलीने लिहून काढावे. मूळ नाटकातच भाषांची अशी वाटणी आहे. कर्ण संस्कृत बोलतो आणि भिक्षा मागायला आलेला इंद्र प्राकृत. ही वाटणी पाहून इंद्राला रॅप द्यावा असा मोह होतो. तो टाळावा, कारण मग रॅप हा लबाडाचा आणि वृत्त हे सज्जनाचे अशी भाबडी विभागणी होते आणि प्रेक्षक रॅप सुरू झाला की हसू लागतो.

माझ्या वाटणीत रॅप कर्णालाच मिळतो, आणि तोही एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणात. परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकायला गेलो, क्षत्रिय नाही असे सांगितले, गुरू मांडीवर डोके ठेवून झोपला असता वज्रमुख नावाच्या किड्याने मांडी पोखरली, ती वेदना सोसली म्हणूनच जात उघडी पडली आणि शाप मिळाला, ही हकिकत कर्ण शल्याला सांगतो. ‘मी कोण’ याचा हा जबाब असल्यामुळे रॅपची जागा येथेच आहे. दान देतानाचे श्लोक वृत्तात ठेवावेत, कारण तेथे कर्ण जगापुढे उभा आहे आणि आपली प्रतिमा राखून बोलतो आहे. इंद्राला साधे, मऊ, घरगुती मराठी गद्य द्यावे. शल्याला बोलूच देऊ नये. त्याचे सर्व प्रश्न आकाशभाषिताने कर्णाच्या तोंडून यावेत.

प्रेक्षकाला संस्कृत कळणार नाही ही अडचण खरी आहे, पण श्लोक म्हणून झाल्यावर लगेच त्याचा अर्थ सांगणे हा तिच्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने नाटकाचा वर्ग होतो. अर्थ आधी पोहोचवावा, रॅपमधून, कृतीतून किंवा इंद्राच्या गद्यातून, आणि मग श्लोक यावा. काय बोलले जाणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक ते कसे बोलले जाते याकडे कान देतो.

मात्रा मोजणे

आता वही आणि मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, लागेल. वेग मिनिटाला ८० ठोके ठेवावा. चार ठोक्यांचा एक बार मग बरोबर तीन सेकंदांचा होतो, आणि तालमीत हिशेब डोक्यात राहतो. बारच्या पहिल्या व तिसऱ्या ठोक्यावर किक (ड्रमचा खोल आवाज) आणि दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर स्नेअर (ड्रमचा खणखणीत आवाज) असा अगदी साधा ठेका घ्यावा. भरगच्च बीटमध्ये वृत्त बुडते.

प्रथम अनुष्टुभ् पाहू. कर्ण शल्याला म्हणतो :

हतोऽपि लभते स्वर्गं जित्वा तु लभते यशः ।
उभे बहुमते लोके नास्ति निष्फलता रणे ॥

मेलो तरी स्वर्ग, जिंकलो तर कीर्ती, या दोन्ही गोष्टी जगात मानाच्या, म्हणून रणात काहीच वाया जात नाही, असा अर्थ. प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत. एका ठोक्यात दोन अक्षरे घेतली तर एक चरण एका बारमध्ये नेमका बसतो आणि सबंध श्लोक बारा सेकंदांत होतो. आता स्नेअर कोठे पडतो ते पाहावे. चौथ्या ठोक्यावर चरणाचे सातवे अक्षर येते, आणि या श्लोकाच्या चार चरणांत ते अक्षर अनुक्रमे स्वर्गातील ‘स्व’, यशातील ‘य’, लोकातील ‘लो’ आणि रणातील ‘र’ हे आहे. कर्ण ज्या चार गोष्टींवर आपले आयुष्य तोलतो त्यांच्याच तोंडावर ठेका आपोआप बसतो, आणि नटाने वेगळा जोर देण्याची गरजच उरत नाही. असे जुळलेले श्लोक संहितेत शोधून त्यांच्यावर खूण करावी. त्यांना हात लावू नये.

दुसरा नमुना न जुळणारा आहे, आणि म्हणूनच जास्त उपयोगाचा. कवच-कुंडले देण्यापासून शल्य त्याला अडवतो तेव्हा कर्ण म्हणतो :

शिक्षा क्षयं गच्छति कालपर्ययात् सुबद्धमूला निपतन्ति पादपाः ।
जलं जलस्थानगतं च शुष्यति हुतं च दत्तं च तथैव तिष्ठति ॥

शिकलेले काळाने झिजते, खोल मुळांची झाडेही पडतात, तळ्यातले पाणी आटते, पण होमात अर्पिलेले आणि हाताने दिलेले तसेच राहते. पहिला चरण इंद्रवंशा वृत्तात आणि बाकीचे तीन वंशस्थ वृत्तात आहेत. लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरली, जोडाक्षरापूर्वीचे अक्षर व चरणान्तीचे अक्षर गुरू मानले, तर पहिल्या चरणाच्या १९ आणि पुढच्या प्रत्येक चरणाच्या १८ मात्रा होतात. एका ठोक्यात चार मात्रा घेतल्यास बारमध्ये मात्र १६ च मावतात. सवयीचा रॅपर येथे अक्षरे दामटून चरण बारमध्ये कोंबतो. तसे करू नये. चरण वाहू द्यावा. दुसरा चरण मग दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेवर सुरू होतो, तिसरा तिसऱ्या बारच्या सहाव्या मात्रेवर, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू जाणवू लागते की हा माणूस ठेक्यावरून घसरतो आहे. श्लोकही झिजण्याबद्दल, कोसळण्याबद्दल, आटण्याबद्दलच बोलतो आहे. तिसरा चरण चौथ्या बारच्या सातव्या मात्रेवर संपतो. तेथे उरलेल्या नऊ मात्रा, म्हणजे सुमारे पावणेदोन सेकंद, पूर्ण शांत राहावे. मग ‘हुतं’ पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर उचलावे. सोळा मात्रा संपून ‘तिष्ठति’चा अखेरचा ‘ति’ सहाव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर येतो, गवयी समेवर यावा तसा. दिलेले टिकते हे सांगणारा एकटा चरणच ठेक्यावर उभा राहतो.

हे गणित भासाने केलेले नाही, हे उघड आहे. पण मोजल्याशिवाय असे काही हाती लागत नाही, आणि एकदा लागले की दिग्दर्शनाचे निम्मे प्रश्न मिटतात.

रॅपचे मराठी

वृत्तातील आणि बोलण्यातील अक्षर एकच नसते, हे मराठी माणसाला उपजत ठाऊक असले तरी रंगमंचावर विसरले जाते. ‘रथ’ हा शब्द श्लोकात र-थ असा दोन अक्षरांचा असतो. बोलताना अन्त्य अकार गळून तो ‘रथ्’ असा एका घावाचा होतो. रॅप लिहिताना कागदावरची अक्षरे न मोजता तोंडातले घाव मोजावेत. याच फरकाचा नटाला फायदाही आहे. प्रकाश किंवा वेष न बदलता, केवळ शेवटचा अकार उच्चारून किंवा गाळून, तो एका जगातून दुसऱ्या जगात जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट यमकाची. संस्कृत श्लोकाला अन्त्ययमकाची गरज नसते आणि रॅप यमकावर जगतो, त्यामुळे कान हे दोन प्रकार सहज वेगळे ओळखतो. मात्र मराठी वाक्याचा शेवट क्रियापदाने होत असल्याने ‘येतो, जातो, खातो’ अशी फुकटची यमके ढिगाने मिळतात. सोळा बार, म्हणजे ४८ सेकंद, अशी यमके ऐकली की कान विटतो. यमक शक्यतो नामावर, किंवा नाम आणि धातुसाधित यांच्या जोडीवर आणावे, आणि ओळीच्या पोटातही एखादे ठेवावे. वज्रमुखाच्या हकिकतीचा एक नमुना असा करता येईल :

डोकं त्याचं मांडीवर अन् किडा माझ्या मांडीत,
हललो नाही तसूभर, बसलो रक्त सांडीत;
सोसणं माझं पाहून त्यानं ओळखली माझी जात,
विद्या दिली ज्या हातानं त्यानंच केला घात.

येथे ‘मांडीत’ आणि ‘सांडीत’ वेगवेगळ्या जातीचे शब्द आहेत, ‘हाता’चा प्रतिध्वनी ‘घाता’ला आधीच तयार करून ठेवतो, आणि एकही शब्द कर्णाच्या तोंडी खोटा वाटत नाही. इंग्रजी किंवा हिंदी रॅपमधले ‘भाई’, ‘ब्रो’ येथे आणल्यास दोन टाळ्या मिळतील, पण कर्ण हातचा जाईल.

हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, शोधावा लागत नाही, तो नाटकातच आहे. ‘शल्यराज, यत्रासावर्जुनस्तत्रैव चोद्यतां मम रथः’, म्हणजे जेथे तो अर्जुन आहे तेथेच माझा रथ हाक, हे वाक्य कर्ण पुन्हा पुन्हा म्हणतो. ते गद्य असल्याने ठेक्यावर हवे तसे तोडता येते. प्रत्येक वेळी ते वेगळ्या ठिकाणी तोडावे. पहिल्यांदा ‘अर्जुन’ ठेक्यावर यावा, नंतर ‘तत्रैव’, आणि शापाची हकिकत सांगून झाल्यावर ‘मम’.

तीन देह, एक माइक

पात्रबदल नजरेने करावा. शल्य रथावर कर्णाच्या पुढे बसलेला, म्हणून त्याच्याशी बोलताना नजर किंचित खाली आणि समोर. इंद्र जमिनीवर उभा, म्हणून त्याच्याकडे पाहताना नजर आणखी खाली. नट इंद्र झाला की हीच रेषा उलटून वर जाते. या तीन रेषा फरशीवर खडूने आखून आठ दिवस केवळ नजरेची तालीम करावी.

हातातला माइक हेडसेटपेक्षा बरा, कारण त्याचा लगाम होतो, भिक्षापात्र होते, आणि शेवटी कातडीपासून सोलून काढायचे कवचही होते. तो मुठीत झाकून धरण्याची रॅपरांची सवय मात्र सोडावी. त्याने आवाज घुमतो आणि भ, ध, घ ही महाप्राण अक्षरे फुटतात.

दानाचा प्रसंग हा मूळातच प्रश्नोत्तरांचा खेळ आहे. कर्ण हजार गाई देऊ करतो, मग घोडे, हत्ती, सोने, पृथ्वी, अग्निष्टोमाचे फळ, अखेर स्वतःचे मस्तक, आणि इंद्र पुन्हा पुन्हा ‘णेच्छामि’, म्हणजे ‘नको’, म्हणतो. पहिला ‘णेच्छामि’ लूप पेडलवर, म्हणजे मुद्रित आवाज फिरून फिरून वाजवणाऱ्या पायाच्या यंत्रावर, प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित करावा आणि प्रत्येक नकारानंतर त्यावर आणखी एक थर चढवावा, म्हणजे सातव्या दानापर्यंत एकट्या कर्णाभोवती नकारांचा घोळका जमतो. पेडल वापरताना एक पथ्य पाळावे. पहिला लूप पाव ठोक्याने जरी चुकला, तरी पुढचा सगळा प्रसंग लंगडतो, म्हणून मुद्रण पायाने सुरू करण्याची तालीम स्वतंत्रपणे करावी आणि ‘णेच्छामि’ची आधी मुद्रित केलेली प्रत ध्वनिसंयोजकाकडे तयार ठेवावी. ब्लूटूथचा स्पीकर तर आणूच नये. त्यातून आवाज थोडा उशिरा येतो आणि नट स्वतःच्याच मागे धावू लागतो.

याच प्रसंगात एक जागा आहे जेथे ठेका काही क्षण थांबवावा. कर्ण नमस्कार करतो आणि इंद्र अडखळतो, कारण ‘दीर्घायुषी हो’ म्हणावे तर कर्ण खरोखरच दीर्घायुषी होईल आणि काही न म्हणावे तर मूर्ख ठरेल. शेवटी तो सूर्य, चंद्र, हिमालय आणि सागर यांच्याइतकी तुझी कीर्ती टिको, असा आयुष्य वगळलेला आशीर्वाद देतो. हा हिशेब शांततेतच ऐकू गेला पाहिजे.

तालमीचा क्रम

पहिले दोन आठवडे बीट नको. श्लोक शाळेतल्या हेलाने न म्हणता, वाक्य म्हणून, अर्थाच्या जागी थांबत म्हणावेत. तिसऱ्या आठवड्यात हातावर टाळी, चौथ्यात मेट्रोनोम, आणि त्यानंतरच बीट. बीट स्वतः किंवा ओळखीच्या निर्मात्याकडून करून घ्यावी. इंटरनेटवर ‘मोफत’ म्हणून मिळणाऱ्या बीट तिकीट लावलेल्या प्रयोगासाठी बहुधा मोफत नसतात, त्यामुळे परवान्याच्या अटी वाचाव्यात.

फ्रीस्टाइलचा मोह होणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि जागच्या जागी सुचणारी ओळ संहितेत आधी लिहिता येत नाही. मी फ्रीस्टाइल फक्त तालमीत ठेवतो. तेथे सुचलेल्या चांगल्या ओळी लिहून घेतो आणि प्रयोगात त्या आत्ताच सुचल्यासारख्या म्हणतो. आपल्याकडील कीर्तनकारांनाही ही कला अवगत आहे.

कवच उतरले की

शेवटचा निर्णय ध्वनीचा आहे. माझ्या प्रयोगकल्पनेत ठेका हेच कर्णाचे कवच आहे. आशीर्वादाची ती जागा सोडली, तर पहिल्या क्षणापासून तो त्याच्या अंगावर असतो, अगदी मंद असला तरी. कवच कापून देताना नटाने एकेक वाद्य स्वतः पायाने बंद करावे, प्रथम बेस, मग स्नेअर, मग किक, आणि माइक जमिनीवर ठेवावा. त्यानंतर इंद्राचा दूत ‘विमला’ नावाची शक्ती घेऊन येतो, दिल्याचा मोबदला घेत नाही म्हणून कर्ण ती नाकारतो, आणि ब्राह्मणाचा शब्द मोडायचा नाही म्हणून अखेर स्वीकारतो. हा सगळा भाग उघड्या गळ्याने व्हावा. येथे ध्वनिसंयोजकाला शेवटी ठेका परत आणण्याची तीव्र इच्छा होईल, आणि टाळीसाठी ती चूक बहुतेक जण करतात. कर्ण रथावर चढतो आणि त्याला शंखाचा आवाज ऐकू येतो. ‘यत्रासावर्जुनस्तत्रैव चोद्यतां मम रथः’ हे वाक्य आता ठेक्याशिवाय, माइकशिवाय, शल्याच्या रेषेवर नजर ठेवून, बोलण्याच्या साध्या लयीत म्हणावे, आणि ‘रथः’च्या विसर्गातला श्वास पूर्ण बाहेर पडेपर्यंत प्रकाश तसाच ठेवावा.